गॅरेजमधले कोल्हापूर

कोल्हापुरात गाडी बंद पडली, की पहिले नाव निघते ते उद्यमनगरचे. शहराच्या ऐन वस्तीतला शिवाजी उद्यमनगर हा भाग म्हणजे लेथ, ड्रिल आणि ग्राइंडिंग मशिनांनी भरलेल्या गाळ्यांची वसाहत. एका गाळ्यात रेडिएटरचे वेल्डिंग, शेजारी इंजिनाचे बोअरिंग, त्यापुढे तुटलेल्या पाट्यांचा ढीग, कोपऱ्यावर स्पेअर पार्टची दुकाने. बाजारात न मिळणारा भाग इथे लेथवर घडवून मिळतो, हा या भागाचा लौकिक. ‘पूर्ण असेंब्लीच बदलावी लागेल’ असे एखाद्या चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये ऐकून आलेला माणूस उद्यमनगरात येतो आणि कधी नुसते बुश, कधी एखादे बेअरिंग बदलून गाडी घेऊन जातो. दर वेळी असे घडत नाही. पण लोकांचा विश्वास टिकावा इतक्या वेळा नक्की घडते.

गाडी खोलली की थांबणे आले. या थांबण्यात कोल्हापुरी माणसाचे आणखी दोन आवडते विषय निघतात. खिळ्याला टांगलेल्या रेडिओवर किंवा मिस्त्रीच्या मोबाइलवर गाणे चालू असते. चहा येतो आणि चहाबरोबर दिल्लीचे राजकारण येते. हे तिन्ही विषय महाराष्ट्रात कुठल्याही गावी निघतात, हे खरे. पण कोल्हापुरात तिन्हींची मुळे एकाच काळात आणि पुष्कळदा एकाच माणसांच्या हाती सापडतात. यंत्र खोलणारा, गाणे ऐकणारा आणि सरकारला जाब विचारणारा अशी वर्गवारी या शहराने कधी फारशी मानली नाही.

राजर्षी शाहू महाराजांना १८९४ मध्ये राज्याधिकार मिळाले आणि १९२२ मध्ये ते वारले. या अठ्ठावीस वर्षांत शाहूपुरीची व्यापारपेठ वसली, १९०६ मध्ये शाहू छत्रपती मिल उभी राहिली, राधानगरीच्या धरणाचे काम सुरू झाले. पाणी आले तसा ऊस वाढला, ऊस वाढला तसे चरक, पंप आणि ऑइल इंजिने आली. ऐन गुऱ्हाळाच्या हंगामात इंजिन बंद पडले, तर ते दुरुस्तीला पुण्या-मुंबईला पाठवणे कोणाला परवडणार? दुरुस्ती गावातच शिकावी लागली. दुरुस्ती करता करता सुटे भाग ओतण्याच्या भट्ट्या उभ्या राहिल्या आणि पुढे अख्खी इंजिनेच इथे बनू लागली. आज उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या वसाहतींत मिळून सुमारे तीनशे फौंड्री आहेत. देशातल्या मोटार, ट्रक आणि ट्रॅक्टर कंपन्यांना इथून ओतीव भाग जातात. राजस्थानच्या रस्त्यावर बंद पडलेल्या ट्रकच्या इंजिनातही कोल्हापुरात ओतलेले लोखंड असू शकते.

या कारागिरीचा सर्वांत गाजलेला नमुना मात्र मोटारीचा नाही. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ. नाटकांचे पडदे रंगवणे हा त्यांचा धंदा. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा आणि विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा. त्यांनी प्रोजेक्टरची रचना समजून घेतली आणि त्या आधारावर कॅमेरा स्वतःच घडवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. याच कंपनीत उमेदवारी केलेले व्ही. शांताराम त्याआधी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला होते. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि त्यांच्या भागीदारांनी १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली तीही कोल्हापुरातच. पुण्याला ती १९३३ मध्ये गेली. मराठी सिनेमाची सुरुवात साहित्यिकांच्या बैठकीत झाली त्याहून अधिक ती कानस आणि लेथ यांच्या संगतीत झाली, असे म्हणायला हरकत नाही.

मोटार तर संस्थानातही मिरवली. छत्रपती घराण्याची जर्मन बनावटीची मेबॅक आजही शाही दसऱ्याला रस्त्यावर येते आणि लोक तिच्यासाठी दुतर्फा उभे राहतात. इतकी जुनी गाडी चालती ठेवायची, तर तिचे सुटे भाग दुकानात मिळत नाहीत हे उघड आहे.

आता साध्या गाडीकडे. जुने मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी ‘सेल्फ मारा’ म्हणतात. किल्ली फिरवल्यावर नुसती टकटकटक झाली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली असते. दिवे लख्ख आहेत आणि एकच ‘टक्’ होऊन सगळे शांत, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये. गार इंजिन चालू करताच चिरका आवाज आला आणि थोड्या वेळाने गेला, तर पट्टा सैल किंवा कडक झालेला. इंजिनाच्या वरच्या भागातली बारीक टिकटिक टॅपेटची. खालून येणारी जड ढकढक बेअरिंगची. ती ऐकून मिस्त्री लगेच इंजिन बंद करायला लावतो, कारण पुढचा खर्च मोठा असतो. वेगाबरोबर वाढत जाणारी आणि वळणावर बदलणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची. पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर होणारी कटकट पुढच्या अ‍ॅक्सलच्या जॉइंटची. ब्रेकची बारीक शीळ म्हणजे लायनर संपत आल्याची सूचना. खरखर म्हणजे सूचना न ऐकल्याचा परिणाम.

आवाज नेमका कुठला हे कळेना, तर एक साधे हत्यार बाहेर येते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चालू इंजिनाच्या एकेका भागाला टेकवायचे आणि मूठ कानाच्या हाडाला लावायची. लोखंडातून आवाज थेट कानात येतो. मिस्त्री डोळे मिटतो, टोक अल्टरनेटरवरून वॉटर पंपावर नेतो, तिथून टेन्शनरवर. एका जागी थांबतो, परत मागे जातो, परत तिथेच येतो. मग स्क्रू-ड्रायव्हर शेजारच्या पोराच्या हातात देऊन त्याला ऐकायला लावतो. शिकवण्याची पद्धत इतकीच. वही नाही, तक्ता नाही. पोराने चुकीचा भाग सांगितला, तर पुन्हा ऐक म्हणतात.

नव्या गाड्यांत हे काम स्कॅनर करतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की पडद्यावर बिघाडाचा कोड येतो. स्कॅनरमुळे मिस्त्रीचा कान निकामी झाला असे मानणे मात्र घाईचे आहे. कोड सांगतो की ऑक्सिजन सेन्सरचे माप चुकते आहे; सेन्सर बिघडला आहे की सायलेन्सरच्या नळीला चीर पडून बाहेरची हवा आत ओढली जाते आहे, हे कोड सांगत नाही. ती चीर फुसफुसते. ऐकणारा असेल तर सेन्सरचे काही हजार रुपये वाचतात. उद्यमनगरात आज बहुतेक चांगल्या गॅरेजांत स्कॅनरही असतो आणि स्क्रू-ड्रायव्हरही.

कोल्हापूरच्या गाड्यांना काही दुखणी भूगोलाने दिली आहेत. कोकणात उतरायचे तर गगनबावडा, आंबा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट चुकत नाही. चढताना इंजिन तापते, उतरताना ब्रेक तापतात. तापल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि ते अंगावर उसळते. घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची सवय तर धोक्याचीच. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरून धरते; न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर पडतो आणि लायनर तापून पकड सुटते.

दुसरे दुखणे पंचगंगेचे. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी या रेषांच्या कितीतरी वर गेले. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग काही दिवस बंद राहिला आणि शहरातल्या तळघरांतल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर अनेकांनी केलेली चूक एकच होती: किल्ली फिरवून पाहिली. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. बुडालेल्या गाडीची आधी बॅटरी काढावी, गाडी ढकलून किंवा टो करून गॅरेजला न्यावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल बदलावे. किल्लीला हात सर्वांत शेवटी.

तिसरे दुखणे खुद्द गाण्याने दिलेले आहे. चारचाकीत मोठे अ‍ॅम्प्लिफायर आणि बेसचे डबे बसवण्याची हौस या जिल्ह्यात मोठी. रंकाळ्याच्या काठावर इंजिन बंद करून गाणी लावली की सगळा भार बॅटरीवर येतो. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती १४ व्होल्टच्या आसपास भरत राहतो. बंद गाडीत बॅटरी १२ व्होल्टच्या खाली आली की बऱ्याचदा सेल्फ फिरत नाही. वायरिंग सोलून जोडलेल्या सिस्टीमचे दुखणे याहून वाईट, कारण फ्यूज नसेल तर वायर तापून पेट घेते. बसवणाऱ्याला फ्यूज कुठे टाकला हे विचारायला संकोच कसला?

हौस गाण्याची आहे आणि तिला या शहरात वय आहे. देवल क्लब या नावाने ओळखली जाणारी गायन समाजाची संस्था १८८३ ची. खासबाग मैदान, केशवराव भोसले नाट्यगृह आणि देवल क्लब एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कुस्ती, नाटक आणि ख्याल यांना इतके शेजारी ठेवणारे दुसरे शहर शोधावे लागेल. १८९५ च्या सुमारास उस्ताद अल्लादिया खाँ दरबारगायक म्हणून कोल्हापुरात आले आणि शाहू महाराजांच्या निधनापर्यंत इथेच राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती या मुक्कामामुळे.

त्यांच्या गायकीमागे एक बिघाड आहे. तरुणपणी अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला. परत आला तेव्हा तो पूर्वीचा राहिला नव्हता. जुन्या आवाजाची नक्कल करीत बसण्याऐवजी त्यांनी हाती उरलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी बांधली: लयीशी गुंतलेली, वळणावळणाच्या तानांची, अनवट आणि जोड रागांची. ऐकणाऱ्यालाही तिच्यात मेहनत करावी लागते. महालक्ष्मीच्या देवळात खाँसाहेब गात आणि समोर बसणाऱ्यांत दरबारी मंडळींबरोबर गावातली साधी माणसेही असत. मुसलमान गवई देवीपुढे गातो आहे, याचे तेव्हा कोल्हापुरात कोणाला नवल वाटत नव्हते, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते.

खाँसाहेब पुढे मुंबईला गेले, तरी त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरात राहून शिकवत राहिले. भुर्जी खाँचे भाऊ मंजी खाँ यांच्या निधनानंतर मल्लिकार्जुन मन्सूर भुर्जी खाँ यांच्याकडे शिकले. अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी काही महिने त्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडेही शिकल्या होत्या. १९७७ मध्ये अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची जी तबकडी आहे, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. ती याने आता सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात आहेत.

ख्याल सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. नाटक आणि सिनेमा पोहोचला. ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरचे. ‘प्रभात’च्या १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही त्यांचे. सुधीर फडके यांचा जन्म कोल्हापुरातला, १९१९ चा. वडिलांच्या निधनानंतर लता मंगेशकर मास्टर विनायकांच्या चित्रपट कंपनीत काम करीत होत्या, ते दिवसही कोल्हापूरचे. गॅरेजमध्ये आज जे जुने मराठी गाणे लागते, त्यातला मोठा वाटा या गल्ल्यांतून आलेल्या माणसांचा आहे. बराच काळ ते गाणे सांगली आकाशवाणीवरून ऐकले जाई. आता मोबाइल आहे आणि गाण्यांच्या मध्ये जाहिराती आहेत.

इथून राजकारण फार लांब नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक-नट एका रंगमंचावर आले आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारले, तेव्हा ते जेमतेम ३१ वर्षांचे होते. त्यांच्या नावाचे कोल्हापुरातले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती होती.

मोटार, गाणे आणि राष्ट्रीय राजकारण या तिन्हींत हात असलेला माणूस शोधायचा तर शाहीर अमर शेख यांचे नाव घ्यावे लागते. जन्म बार्शीचा, १९१६ चा. गरिबीमुळे त्यांनी बसवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले आणि काही काळ कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओतही काढला. पुढे अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेला त्यांचा बुलंद आवाज. १९६९ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. सुधीर फडके यांची राजकीय श्रद्धा अमर शेखांच्या अगदी विरुद्ध बाजूची. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली पोर्तुगिजांपासून सोडवणाऱ्यांत ते होते. दोघांची गाणी कोल्हापुरी माणूस एकाच आवडीने ऐकतो आणि वाद मात्र दोन्ही बाजूंनी घालतो. गाण्यापुढे पक्ष विसरण्याची ही वृत्ती इथे जितकी उघड दिसते, तितकी सभेत दिसत नाही.

चहाच्या टपरीवरचे राजकारण हा रिकामटेकडेपणा, असे म्हणण्याची रीत आहे. कोल्हापुरात तरी हे म्हणताना जपून म्हणावे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणल्या गेलेल्या गृहस्थांना शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन, बरोबरच्या मंडळींसह, चहा घेतला. एका कप चहाने स्पृश्यास्पृश्यतेच्या नियमांना भर रस्त्यात आव्हान दिले. त्याआधी, २६ जुलै १९०२ रोजी, महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अस्पृश्यांचा नेता म्हणून पुढे आणले. माणगाव कागल जहागिरीतले छोटे खेडे. देशाच्या घटनेकडे जाणारी एक वाट तिथून निघते आणि घटनासमितीत बसलेले रत्नाप्पा कुंभार याच जिल्ह्याचे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तरी सत्तेला प्रश्न विचारण्याची सवय संपली नाही. शेतकरी कामगार पक्षापासून उसाच्या आंदोलनांपर्यंत ती चालत आली.

निवडणुकीच्या दिवसांत गाडी, गाणे आणि राजकारण अक्षरशः एकत्र येतात: प्रचाराच्या रिक्षात. कोल्हापूरला रिक्षा सजवण्याचे वेड आहे. इथे रिक्षांची सौंदर्यस्पर्धा भरते. अशा शहरात प्रचाराची रिक्षा साधी निघेल कशी? टपावर कर्णे, मागे अ‍ॅम्प्लिफायर, वेगळी बॅटरी, आणि चालीवर नवे शब्द बसवलेले गाणे दिवसभर. प्रचाराच्या वाहनाला परवाना लागतो आणि तो काचेवर दिसेल असा लावावा लागतो. कर्णे रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायचे आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार थांबवायचा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती पाळली जाते, हे गणेशोत्सवात डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहिलेल्याला विचारावे. अल्लादिया खाँचे गाव म्हणवून घेणाऱ्यांनी कानाची इतकी हेळसांड करावी, हे काही शोभत नाही.

वाहनावरून पेटलेले सर्वांत मोठे राजकारण टोलचे. शहरातले सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते खासगी कंपनीने बांधायचे आणि वेशीवर टोल घेऊन खर्च वसूल करायचा, असा प्रकल्प आला. परगावी जाणाऱ्या महामार्गावरचा टोल लोक कुरकुरत देतात. स्वतःच्या गावात शिरायला पैसे द्यायचे, ही कल्पना कोल्हापूरने मानलीच नाही. सर्वपक्षीय कृती समिती झाली. ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे त्यात पुढे होते. रस्त्यांचा दर्जा, खर्चाचा हिशेब, करारातल्या अटी यांचा कीस निघाला. गॅरेजमधला मिस्त्रीही डांबराच्या थराविषयी बोलू लागला आणि त्याचे बोलणे चुकीचे नसे, कारण खराब रस्त्याचा पुरावा त्याच्यासमोर रोज खोललेला असतो. जानेवारी २०१४ मध्ये संतापलेल्या जमावाने टोलनाके जाळले. पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून येताना गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. टोल रद्द करण्याची घोषणा त्याच वर्षी डिसेंबरात झाली. नाके जाळणे समर्थनीय नव्हते. पण करार वाचणाऱ्या माणसांनी चिकाटीने चालवलेला लढा या जाळपोळीपेक्षा मोठा होता आणि यश त्याचे आहे.

सध्या गॅरेजमध्ये दिल्लीचा विषय निघतो तो पेट्रोलच्या टाकीतून. केंद्र सरकारने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये ते गाठले. इथेनॉल उसापासूनही बनते आणि कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. म्हणजे पंपावर तक्रार करणारा माणूस अनेकदा स्वतःच ऊस उत्पादक असतो. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हाती पैसा लवकर येतो आणि उसाचे बिल वेळेवर मिळण्याची आशा वाढते; जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत ज्या दरासाठी दरवर्षी आवाज उठतो, त्याचे गणित याच्याशी जोडलेले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा त्याचा धक्का इथल्या गावागावांत बसला. पुढच्या हंगामासाठी ते उठवले गेले. एका परिपत्रकाने शेताचे आणि गाडीचे दोन्हीचे गणित बदलते, हे कोल्हापुरी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

तांत्रिक बाजू इथेनॉलचे समर्थक आणि विरोधक यांच्या ओरडण्यापेक्षा साधी आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागे थोडे कमी अंतर मिळणे स्वाभाविक आहे. अर्धे अ‍ॅव्हरेज गेले असेल, तर दोष दुसरीकडे शोधावा. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिन नॉक होण्याचे प्रमाण उलट कमी होते. खरी काळजी जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वॉशर आणि कार्बोरेटरच्या भागांची. ते या मिश्रणासाठी बनवलेले नसतात आणि फुगतात किंवा कडक होतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले तर ते टाकीच्या तळाशी जमते आणि पन्हाळ्याच्या चढावर गाडी मिसिंग करू लागते. पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणून अर्धी ठेवू नये. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या मिश्रणाला चालतात. त्याआधीची गाडी असेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या नळ्या आणि फिल्टर एकदा उघडून पाहायला सांगावे. खर्च थोडा आहे आणि तेवढ्या वेळात चहाही होतो.